बारावीनंतर बीएस्सी, इंजिनिअरिंग की सरकारी नोकरीची वाट? डिचोलीच्या मुलीला सविस्तर उत्तर

बाय, तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात परत मांडतो. गोव्यात डिचोली तालुक्यात घर, बारावी सायन्स ६४ टक्के, केमिस्ट्री मनापासून आवडते, मॅथ्स जेमतेम. बाबांचा पूर्वी खनिजाचा ट्रक होता, आता पिकअप चालवतात. मोठे काका म्हणतात बेळगाव नाहीतर पुण्याला प्रायव्हेट कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग कर, आठ लाखांचं लोन काढू. आई म्हणते जवळच्या कॉलेजात बीएस्सी कर. मामेभाऊ म्हणतो डिग्री कसलीही घे, शेवटी सरकारी नोकरीच बघायची आहे. आणि शेवटी तू विचारलंस, यात चूक झाली तर सगळं वाया जाईल का.

मी २४ वर्षं वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या औषधांच्या कारखान्यात काढली, सुरुवात लॅबमध्ये केमिस्ट म्हणून, शेवटची दहा-बारा वर्षं नवीन मुलांचे इंटरव्यू घेणं आणि त्यांना शिकवणं हेच काम. त्यामुळे कॉलेजातून बाहेर पडलेली मुलं दारात येतात तेव्हा त्यांच्या हातात काय असतं आणि काय नसतं ते जवळून बघितलंय. त्यावरून सांगतो, वाया काही जात नाही, पण चूक झाली तर ती सुधारायला किती पैसे आणि किती वर्षं लागतील हे तिन्ही वाटांचं वेगवेगळं आहे, आणि सतराव्या-अठराव्या वर्षी आपल्याला नक्की काय जमेल हे कुणालाच धड माहीत नसतं, मला पण नव्हतं, म्हणून मी तरी आधी हेच बघेन की उद्या मन बदललं तर कुठून कमी खर्चात वळता येईल.

काकांच्या लोनपासून सुरुवात करू, कारण तिथे आकडे आहेत आणि आकडे घरात कुणी मांडलेले दिसत नाहीत. समजा दरवर्षी दोन लाख असे चार वर्षांत आठ लाख उचलले, व्याज १० टक्के धरू. शिकत असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता नसतो पण व्याज चढतच असतं. पहिल्या दोन लाखांवर पाच वर्षांचं, दुसऱ्यांवर चार, मग तीन, मग दोन. सरळ व्याजाने बेरीज केलीस तरी २ लाख ८० हजार होतात, म्हणजे हप्ते सुरू व्हायच्या दिवशी डोक्यावर १० लाख ८० हजार. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण १४,३०० रुपये. यात हॉस्टेल, मेस, येणं-जाणं, लॅपटॉप धरलेलं नाही. आता समजा पुण्यात पहिल्या नोकरीत हातात २२,००० पडले, त्यातून हप्ता गेला की राहिले ७,७००, त्यात खोलीचं भाडं आणि जेवण भागव बघू. भागत नाही, मग हप्ता बाबांच्या पिकअपवर येतो. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये पण अशी घरं मी बघितलीत.

अजून एक गोष्ट. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागत नाहीत, त्याच्या वर गेलं की घर किंवा जमिनीचे कागद मागतात. तुमचं घर अजून आजोबांच्या नावावर असेल, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर चार काकांची नावं असतील, तर सगळ्यांच्या सह्या गोळा करता करता अर्धं वर्ष जातं आणि घरात कटकट होते ती वेगळीच. कर्ज काढायचंच झालं तर आधी गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनच्या ऑफिसात जा, त्यांची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे. उत्पन्नाची अट, कोर्सची अट, किती मिळतं हे तिथेच विचार, एजंटला विचारू नको.

काकांचा हेतू चांगला आहे, त्यांच्याबद्दल मनात काही धरू नको. पण जे कॉलेज ते सुचवतायत तिथे एकदा प्रत्यक्ष जा, आणि ऑफिसात बसून माहितीपत्रक वाचण्यापेक्षा कँटीनमध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांशी बोल. पहिल्या नंबरवाल्याशी नको, वर्गात मधोमध असतो त्याच्याशी. सगळ्यात मोठं पॅकेज किती ते विचारून काही कळत नाही, तुझ्यासारख्या मार्कांच्या मुलांपैकी कितीजणांना काम लागलं, कुठल्या गावात, आणि बँकेत महिन्याला किती जमा होतात ते विचार. पॅकेजच्या आकड्यात पीएफ, ग्रॅच्युइटी, वर्षाच्या शेवटी मिळेल-न मिळेल असा बोनस सगळं घातलेलं असतं. आणि "आज बुकिंग केलं तरच सीट" असं कुणी म्हणालं तर, सीट सोडली तर पैसे परत किती आणि कधी हे लेखी मागायचं. लेखी देत नसतील तर पैसे भरायचे नाहीत.

आता कॉम्प्युटरबद्दल. तुला तो आवडतो असं तुझ्या पत्रात एकदाही आलं नाही. काकांना आवडतो, बाजाराला आवडतो. पण मनात कुठेतरी शंका असेल की कदाचित जमेल, तर ती शंका फिटवायला आठ लाख लागत नाहीत. स्वयम् या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर फुकट कोर्स आहेत, एक महिना रोज दोन तास प्रोग्रॅमिंग कर, घरच्या घरी कळेल. त्याच्या पुढे जायचं असेल तर आयआयटी मद्रासची ऑनलाइन बीएस डिग्री आहे, डेटा सायन्सची, २०२० पासून सुरू झालेली, तिला जेईई लागत नाही, त्यांची स्वतःची पात्रता फेरी असते, आणि मध्येच थांबलीस तरी टप्प्याप्रमाणे सर्टिफिकेट मिळतं. एकाच वेळी दोन डिग्र्या करायला यूजीसीने २०२२ मध्ये परवानगी दिली, म्हणजे डिचोलीत बीएस्सी करता करता हे बाजूला करता येतं. जड आहे, गणित लागतंच, पण झेपलं नाही तर फारसं नुकसान नाही.

मी हे इतकं धरून बसलोय त्याला कारण माझा धाकटा भाऊ. २००७ साली तो बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला होता, तेव्हा आमच्या भागात ज्याच्या दारात ट्रक त्याचं घर वर असं वातावरण होतं, चीनला हलक्या प्रतीचं खनिज जायचं आणि खेपांना अंत नव्हता. त्याने कॉलेज सोडलं, लोनवर ट्रक घेतला, पिसुर्ले ते आमोण्याची जेटी अशा खेपा. पाच वर्षं पैसे आले, खोटं कशाला बोलू, घराला स्लॅब पडला तो त्याच पैशाचा. दुसरा ट्रक पण लोनवर घेतला. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली. २०१४ ला वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठली, प्रत्यक्ष काम त्यानंतर हळूहळू सुरू झालं, वाटलं आता सुटलो, तर ७ फेब्रुवारी २०१८ ला कोर्टाने ८८ खाण-लिझांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यावर परत सगळं ठप्प. दोन ट्रक दारात पावसात गंजत उभे होते. तुझ्या बाबांनी हे सगळं बघितलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. भाऊ आळशी नव्हता, मूर्ख तर अजिबात नव्हता. पण त्याच्या हातात जे होतं ते एकाच धंद्यात चालणारं होतं, बाजूला नेता येईल असं काही नव्हतं, आणि कर्ज मात्र धंद्याबरोबर थांबलं नाही. बीकॉमचं उरलेलं दीड वर्ष त्याने पूर्ण केलं असतं तर निदान दुसरं दार ठोठावता आलं असतं, हे तो स्वतः म्हणतो आणि म्हणताना गप्प होतो.

बरं, आता केमिस्ट्री. इथे मला जास्त बोलता येईल.

काही कामं अशी असतात की तिथे कायदाच कागद मागतो, तू कितीही हुशार असलीस तरी ठरलेल्या डिग्रीशिवाय आत घेत नाहीत, आणि काही कामांत काम येतं का एवढंच बघतात. औषधांचा धंदा पहिल्या प्रकारचा. मेडिकल स्टोअरवर औषध द्यायला १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे रजिस्टर्ड फार्मासिस्ट लागतो, त्याला निदान दोन वर्षांचा डीफार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, लागतो. कारखान्यात औषध बनवण्यावर देखरेख करायला कोण चालतो ते १९४५ च्या औषधांच्या नियमावलीत लिहिलेलं आहे: बीफार्म, म्हणजे फार्मसीची डिग्री, झालेल्याला १८ महिन्यांचा अनुभव पुरतो, आणि केमिस्ट्री मुख्य विषय घेऊन बीएस्सी झालेल्याला तीन वर्षांचा लागतो. म्हणजे तुमच्या घरातल्या भांडणात जे नाव कुणी घेतलंच नाही ते बीफार्म, त्याचा विचार तू नक्की कर. पणजीत सरकारी फार्मसी कॉलेज आहे, फी प्रायव्हेट इंजिनिअरिंगच्या जवळपास पण जात नाही. बारावीला फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर बायोलॉजी असेल तरी चालतं, मॅथ्सच पाहिजे असं नाही. सीटा कमी असतात, तुला मिळेल की नाही ते या वर्षीच्या यादीवर ठरेल, पण अर्ज न भरता सोडू नको. नाही मिळालं तर केमिस्ट्रीतली बीएस्सी, आणि वर सांगितल्याप्रमाणे नियमात ती पण बसते, फक्त अनुभव दीड वर्ष जास्त लागतो. दीड वर्ष म्हणजे काहीच नाही गं.

बीएस्सीला लोक नावं ठेवतात, "बीएस्सी करून काय होतंय", आणि निम्मं खरं आहे, नुसती डिग्री घेऊन आलेली पोरं मी शेकड्याने परत पाठवलीत. पण परत का पाठवली ते ऐक. इंटरव्यूला मी एक प्रश्न ठरलेला विचारायचो: टायट्रेशन करतेस (ब्युरेट नावाच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडून मोजायचं ते), तीन वेळा केलंस, दोन रीडिंग जवळजवळ सारखी आणि तिसरं लांब, काय करशील? दहातली आठ मुलं म्हणायची, सर तिसरं सोडून देईन, नाहीतर सरासरी काढेन. कॉलेजच्या जर्नलमध्ये आपण तेच केलेलं असतं ना, उत्तर आधी माहीत असतं आणि रीडिंग त्याच्याकडे ढकलतो. कारखान्यात असं केलंस तर नोकरी जाते, आणि जायलाच पाहिजे, कारण ते औषध कुणाच्या तरी आजीच्या पोटात जाणार असतं. एकदा एक मुलगी आली होती, सांगेकडची, मार्क तुझ्यापेक्षा कमी, इंग्लिश अडखळत, ती म्हणाली, "सर, तिन्ही लिहून ठेवीन आणि वरच्यांना सांगेन, मग ब्युरेट बघेन, गळत असेल." तिला मी त्याच दिवशी घेतली. आज तिच्या हाताखाली लॅबचा एक अख्खा सेक्शन आहे.

काम कसं असतं ते पण ऐकून ठेव, कारण केमिस्ट्री आवडणं आणि लॅबची नोकरी आवडणं यात फरक आहे. रंग बदलणारी द्रावणं फार कमी. दिवसभर एचपीएलसी, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनसमोर, सॅम्पल वजन करा, पातळ करा, गाळा, लावा, मशीन धावतंय तोवर लॉगबुक लिहा. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, हे वाक्य पहिल्या दिवसापासून कानावर पडतं. शिफ्ट असतात. कंपनीची बस डिचोलीहून निघते ती पहाटेच, संध्याकाळी घरी पोचेपर्यंत दिवे लागलेले असतात. यूएसएफडीएचं, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाचं, ऑडिट आलं की महिनाभर घरचे तोंड बघायला मिळत नाहीत. गणेश चवथीला सुट्टी मिळेल की नाही हे शिफ्टवर. पण ज्याला नीटनेटकं, एकाग्र काम आवडतं त्याला हे इतकं आवडतं की तो सोडत नाही, मी स्वतः त्यातला. आणि हे काम हातात आलं की ते फक्त वेर्ण्यापुरतं राहत नाही. कुंडईत चालतं, पाण्याच्या आणि अन्नाच्या टेस्टिंग लॅबमध्ये चालतं, हिमाचलमधल्या बद्दीला, हैदराबादला, आखातात सुद्धा चालतं, मशीन तेच आणि नियम पण बरेचसे तेच. माझ्या भावाच्या ट्रकपेक्षा हे वेगळं आहे ते इथे.

म्हणून बीएस्सी घेतलीस तर ती कशी करायची ते महत्त्वाचं. गोवा विद्यापीठाच्या कॉलेजांत आता नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांची रचना आली आहे, तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं, चौथं केलं तर ऑनर्स, आणि त्याच्या आधी सोडावं लागलं तरी एका वर्षाचं सर्टिफिकेट, दोन वर्षांचा डिप्लोमा असं काहीतरी हातात राहतं. पूर्वी दुसऱ्या वर्षी सोडलं तर काहीच नव्हतं, माझ्या भावासारखं. इंटर्नशिप पण त्यात धरलेली आहे, ती मात्र ओळखीच्या दुकानात सही शिक्का घेऊन उरकू नको. डिसेंबरपासूनच कारखान्यांना, पाणी तपासणाऱ्या लॅबना पत्रं लिहायला लाग, मेची सुट्टी पकडायची. दहा ठिकाणी लिहिलंस तर एक-दोन उत्तरं येतील, तेवढी पुरतात. प्रत्यक्ष लॅबमध्ये पंधरा दिवस उभी राहिलीस की तुला कुणाला विचारायची गरज पडणार नाही की हे आपलं आहे की नाही. नसेल तर तेव्हा कळेल जेव्हा तुझ्या डोक्यावर कर्ज नाही आणि वय एकोणीस आहे. तिथून बीएड आहे, एमसीए आहे (त्याला बऱ्याच ठिकाणी बारावीला किंवा डिग्रीला मॅथ्स लागतं, म्हणून मॅथ्सचा एखादा पेपर सोडू नको, भीती वाटत असली तरी), ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात एमएस्सी आहे, बायो आवडत असेल तर दोनापावलच्या एनआयओमधलं (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतलं) प्रोजेक्टचं काम आहे. एमएस्सीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, दोन वर्षं काम करून मग गेलेली मुलं एमएस्सीतून जास्त घेऊन येतात असा माझा अनुभव, पण घरच्यांना ते पटत नाही, ब्रेक नको म्हणतात. तू तुझं बघ.

मामेभावाचं. सरकारी नोकरी वाईट असं मी म्हणणार नाही, घराला आधार असतो, गोव्यात राहायला मिळतं. पण आता बरीचशी भरती गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून होते, कोकणी येणं लागतं, मराठी येत असेल तर चांगलंच, आणि जागा निघतील तेव्हा निघतील. परीक्षा दे, पण काम करता करता किंवा शिकता शिकता दे, त्यासाठी तीन-चार वर्षं घरी बसून राहिलेली मुलं मी बघितलीत, तिशीत इंटरव्यूला येतात आणि मधल्या वर्षांचं काय सांगायचं ते त्यांना कळत नाही, बघवत नाही ते. आणि कुणी म्हणालं अमुक लाख दे, नाव यादीत घालतो, तर तिथून उठून यायचं. २०२४ साली गोव्यात अशी किती प्रकरणं पोलिसात गेली, लोकांनी दागिने मोडून पैसे दिले होते, नोकरी पण नाही आणि पैसे पण नाहीत.



तर आत्ता काय करायचं. जवळच्या कॉलेजात बीएस्सीचा फॉर्म या आठवड्यात भर आणि अॅडमिशन घेऊन टाक, विषय केमिस्ट्री मुख्य. बीफार्मची प्रक्रिया बाजूला चालू ठेव, तिथे नाव लागलं तर खुशाल सोडून जा, बीएस्सीची फी गेली तरी ती थोडी असते. काकांना नाही म्हणायचं असेल तर बाबांना बरोबर घेऊन जा आणि वरचं व्याजाचं गणित कागदावर लिहून ने, तोंडी बोललीस तर वाद होईल, कागद बघून ते स्वतः हिशेब करतील, त्यांनी पण संसार केलाय. आणि जर दोन वर्षांनी तुला खरंच कॉम्प्युटरकडे जायचं असेल तर त्यांच्याकडेच जाऊन मदत माग, तेव्हा ती मागायला तुझ्याकडे कारण असेल.

आणि बारावीचं प्रॅक्टिकलचं जर्नल टाकून दिलं नसशील तर जपून ठेव, कॉलेजचं पण. त्यात रीडिंग आलं तसं लिही, खोडलेलं दिसलं तरी चालेल, खोडताना एक आडवी रेघ मारायची आणि बाजूला तारीख घालून सही करायची. मी इंटरव्यूला जर्नल मागायचो आणि आधी खोडलेली पानं बघायचो.